चढती कुणाची

दादा,

उद्या संध्याकाळी गावदेवीच्या मंडपात तुझी शोकसभा आहे आणि तिथं मला बोलायचंय. मानपाड्यापासून पार खडवलीपर्यंतच्या, हळदीत वाजवणाऱ्या बेंजो पार्ट्यांनी मिळून ठेवलीय. तुझ्या फोटोचा फलक आजच लागला. फोटो चांगला निवडलाय, तू हसतोयस, मिशीला नुकताच कलप लावलेला दिसतोय. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'हळदीच्या पारंपरिक चालींचे राखणदार'. मी संध्याकाळी रिक्षातून उतरले, वाचलं, आणि भर रस्त्यात माझं डोकं फिरलं. राखणदार कसला? राखणदार दुसऱ्याच्या मालाला असतो.

कशावरून चिडले ते तुला सांगायला नको. चढतीवरून. आपण दोघं जन्मभर जिच्यावरून भांडलो ती चाल. तू म्हणायचास, ती केसवाल्यांची, त्या परदेशी बँडची. मी म्हणायचे, मग तसं माइकवरून सांग, दुसऱ्याची चाल फुकटची मिरवू नकोस. तू म्हणायचास, मी कुठं माझी म्हणतो? आणि हसायचास. गाव म्हणायचं, वाडवडिलांपासूनची आहे. यातलं खरं काय ते मला आज दुपारी कळलं आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. उद्या ते सगळ्यांसमोर सांगायचं, की तू ठेवलंस तसंच झाकून ठेवायचं, एवढंच मला ठरवायचंय. म्हणून लिहायला बसले. कल्याणला शाळेत मुलांना रोज सांगते, आधी लिहा, मग तोंड उघडा. आज स्वतःला सांगतेय.

केसवाले आपल्या घरात आले ते ऑस्टिनबरोबर. आयटीआयला तुझ्या शेजारी बसणारा, ठाण्याच्या खाडीकाठच्या ख्रिस्ती वाडीतला ऑस्टिन. त्याचा मामा आखातात होता, तो येताना कॅसेटी आणायचा. त्यातली एक ऑस्टिनने तुला दिली आणि सोबत घडी पडलेलं एक पोस्टर. अमेरिकेतला कुठलासा बँड. चार पुरुष, चौघांचे केस गवताच्या भाऱ्याएवढे, ओठ रंगवलेले, डोळ्यांत काजळ, अंगात चकचकीत तंग विजारी. अशा बँडना हेअर मेटल म्हणतात हे मला फार नंतर कळलं. तू त्यांना पहिल्या दिवसापासून केसवालेच म्हणालास. ते पोस्टर तू ओटीवर, देवीच्या कॅलेंडरशेजारी लावलंस. आई शेतावरून आली, पदराने तोंड पुसत बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "चारी भयनी दिसतान. लगना झालीन का यांची?"

तू हसून हसून खाली बसलास. मी आईला सांगितलं की अगं, हे बाप्ये आहेत. तिला काही ते पटलं नाही. पुढं कित्येक दिवस ती केर काढताना त्यांच्याकडे काळजीने बघायची.

मग तू केस वाढवलेस. वाढवून ते नुसते लोंबायला लागले, उभे राहिनात. केसवाल्यांचे ते केस ताठ करणारे फवारे आपल्याकडे कुठले मिळायला! युक्ती तुझीच, पण हात माझे. आई लुगड्याला साबुदाण्याची खळ करायची, ती मी वाटीभर बाजूला काढायचे. तुझ्या ओल्या केसांना चोळायची, बारीक बारीक वेण्या घालायच्या, वाळल्या की सोडायच्या. काय दिसायचास तू! खरं सांगते, मला त्या वयात असं वाटायचं की आपल्या पत्र्याच्या घरात कुणीतरी दुसऱ्याच मुलखातला राजा उतरलाय आणि त्याचं डोकं माझ्या हातात आहे. गणपतीच्या मिरवणुकीत तू तसाच गेलास. नाचून घामाघूम झालास आणि खळ सुटली. कपाळावरून, भुवयांवरून पांढरं पांढरं ओघळायला लागलं. गावाला वाटलं तुझ्या अंगात आलं. दोघी बायकांनी तुझ्या पायावर पाणी घातलं आणि एकीने तर मुलीचं लग्न कधी जमेल म्हणून विचारलं. तू डोळे मिटून "माघात" असं म्हणालास. आणि तिचं जमलं की रे माघात!

ओरडायची प्रॅक्टिस आठवते? केसवाल्यांचा गायक सूर असा काही वर न्यायचा की तो फाटायचा आणि फाटल्यावरच खरा गोड लागायचा. घरात ओरडलं की बाबा चप्पल काढायचे. म्हणून तू मला घेऊन एमआयडीसीच्या कंपनीच्या भिंतीमागे जायचास. मी राखणीला, तू भिंतीकडे तोंड करून. एकदा तुझा सूर खरंच लागला. इतका लागला की पहिल्या पाळीचे कामगार तोंडाला रुमाल बांधून धावत बाहेर आले. त्यांना वाटलं आत वायू सुटला आणि कुणीतरी सापडलं. वॉचमनने आपल्याला पकडलं आणि विचारलं, "काय झाला? कोनाला लागला?" तू म्हणालास, "कोनाला नाय, गाना हाय."

मी तेव्हा इंग्रजी शिकत होते म्हणून तू मला शब्दांचे अर्थ विचारायचास. मी शब्दकोश घेऊन एकेक ओळ फोडायचे. बाई सोडून गेली, आता पावसात उभा आहे, परत ये. दुसरं गाणं फोडलं तर त्यातही बाई गेलेलीच. मी म्हटलं, दादा, एवढ्या केसांत एवढंच? तू रागावला नाहीस. म्हणालास, "मंग आपली आई धवले म्हनते त्यान काय असतंय? पोर सासरी गेली, घर रिकामा झाला." आईचे लग्नातले धवले आणि हे काजळवाले बाप्ये, दोघं एकाच दुःखाने रडतात हे तुला तेव्हा दिसलं. मला ते कळायला माझं स्वतःचं लग्न व्हावं लागलं.

आता कॅसेटचं. उद्या मला हे नीट सांगता आलं पाहिजे.

आपल्या टेपरेकॉर्डरला रीळ खायची खोड होती. केसवाल्यांचं सगळ्यात मोठं गाणं, ज्याच्या मधोमध गिटारवाला एकटाच वाजवतो, बरोबर तिथं त्याने टेप चावली. तू पेन्सिल घालून ती हळूहळू बाहेर ओढलीस. दोन हातभर टेप आवळलेल्या आतड्यासारखी झाली होती. मी रडायला लागले, तू नाही रडलास. आईच्या कात्रीने तेवढा तुकडा कापलास आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडलीस. तेव्हापासून ते गाणं त्या जागी आलं की 'टक्' असा आवाज व्हायचा, क्षणभर काहीच नाही, आणि मग पुढचं सुरू. मी म्हटलं, मधलं गेलं ना सगळं. तू म्हणालास, "जाव दे. कापलेला मना पाठ हाय."

हे वाक्य मी खरं धरून चालले, दादा. आज दुपारपर्यंत.

गिटार आपल्याला स्वप्नातही परवडणारी नव्हती. पण गावात बेंजो होता. पिवळ्या लाकडी खोक्यावर तारा, वर टायपरायटरसारखी बटणं, आणि वायर थेट टेम्पोवरच्या भोंग्याला. हळदीच्या मांडवात ढोलताशाबरोबर जो काय तो कल्ला करायचा! तू पार्टीत शिरलास ते बेंजोसाठी नाही, भोंग्यासाठी. ऑस्टिनला म्हणालास, आपल्याकडे एवढा आवाज फक्त हळदीत करू देतात.

आणि मग काकाच्या सुमनची हळद. नवरीला हळद लावून झालेली, बायका वाकून वाकून दमलेल्या, ढोलवाला पंढरी बिडी ओढायला बसलेला. तू एकटाच बटणांवर बोटं फिरवत होतास. केसवाल्यांचा तो मधला भाग सुरू केलास. मी ओळखला, माझ्या अंगावर काटा आला. जोडाची जागा आली. तू थांबलास, कॅसेट थांबायची तसाच. आणि मग कापलेला तुकडा वाजवायला लागलास. ती चाल एकेक पायरी चढत गेली, वरच्या पायरीवर जरा थबकली, परत एक पायरी खाली येऊन पुन्हा चढली. पंढरीने बिडी टाकली आणि ढोल ओढला. काकी, जी सकाळपासून लेक जाणार म्हणून डोळे पुसत होती, ती हळदीचं ताट डोक्यावर घेऊन उठली. चाल फिरून आली तेव्हा तू जिथं थांबलास तिथं तीही थांबली, एक हात वर करून. सगळ्या बायका थांबल्या, हात वर. मग चाल सुटली आणि मांडव सुटला. त्या दिवशी चार वेळा तेच वाजवायला लावलं तुला.

त्यानंतरचं काय सांगू. 'चढती लाव' म्हटल्याशिवाय आपल्याकडे हळद लागेना. दुसऱ्या पार्ट्यांनी उचलली. भिवंडीकडे गेली, टिटवाळ्याच्या पुढं गेली. माझ्या शाळेतल्या पोरी गॅदरिंगला तिच्यावर नाचल्या. आणि सगळीकडे, दादा, सगळीकडे त्या एका जागी माणसं हात वर करून क्षणभर थांबतात. टोलेजंग इमारतीतल्या हॉलमध्ये, फार्महाऊसवर, डीजेच्या भिंतीसमोरसुद्धा. का थांबतात ते कुणालाही माहीत नाही. मला माहीत आहे. एका चावऱ्या टेपरेकॉर्डरमुळे आणि इंचभर चिकटपट्टीमुळे. कुठल्याही लग्नात ते बघितलं की मला देवळात गेल्यासारखं होतं. एवढी हजारो माणसं, आणि सगळी आपल्या ओटीवरच्या त्या 'टक्'ला थांबतायत!

पण मी तोंडाची फटकळ. मी तुला सोडलं नाही. दर रक्षाबंधनाला आपलं तेच. मी म्हणायचे, शिकल्यासवरल्या बहिणीचा भाऊ ना तू, एकदा तरी सांग की ही चाल अमक्या बँडची आहे. तू म्हणायचास, "त्याईना काय फरक परतो? ते काय मानपाड्याला हलदीला येनार हायत?" मी म्हणायचे, प्रश्न तो नाही. तू म्हणायचास, "बेबी, वरन आनखी येक करंजी वार." असा तू. वाद जिंकायचा नाही आणि हरायचाही नाही.

मधे ऑस्टिन आला होता. तो तेव्हा बँकेत नोकरी-बिकरी करून चांगला गुटगुटीत झालेला. म्हणाला, "अरे जना, तुझे ते केसवाले खल्लास झाले. तिकडे आता कोणी ऐकत नाही. लोक हसतात त्यांच्यावर." मला वाटलं तुला लागेल. तुझे केसही तोवर गेले होते. कंपनीत मशीनजवळ लांब केस चालत नाहीत म्हणून रुजू व्हायच्या आदल्या दिवशी तू ते कापून आलास आणि आईने ते ओंजळीत घेऊन खाडीत सोडले होते. पण तू ऑस्टिनला एवढंच विचारलंस, "आपल्याकरं हलदी संपल्या का?" तो नाही म्हणाला. "मंग झाला तर," म्हणालास आणि त्याच्या ताटात मटण वाढलंस. रंगाच्या कारखान्यात काम करून तुझी नखं कधी निळी, कधी गुलाबी असायची. त्या नखांकडे बघून ऑस्टिन म्हणाला, तू एकटाच अजून त्यांच्यासारखा मेकअप करतोस. किती हसलो होतो आपण.

आता आज दुपारचं.

फलकवाल्यांना अजून एक फोटो हवा होता म्हणून रियाने तुझा मोबाइल माझ्या हातात दिला. तुझी लेक अगदी तुझ्यासारखी झालीय, रडत नाही, कामाला लागते. फोटो शोधता शोधता मला ते गाणं दिसलं. केसवाल्यांचं तेच मोठं गाणं, तू उतरवून ठेवलेलं. मी ते लहानपणी ऐकलं होतं ते चिकटपट्टी लावलेलं. आधी अख्खं ऐकलं असेल, पण त्याची मला काही याद नाही. पुढं कधी ऐकावंसं वाटलं नाही, हे कसं झालं देव जाणे. रोज हळदीत ऐकतोय की, असंच वाटत असावं. मी कानात घातलं आणि पहिल्या सुराला मला साबुदाण्याच्या खळीचा वास आला, आई आली, पत्रा आला, तू आलास. मग मधला भाग आला. मी वाट बघत बसले, आता 'टक्' होईल. झालं नाही, कारण हे गाणं अख्खं होतं. आता चढती येईल.

चढती आली नाही, दादा.

तिथं गिटारच नाही. नुसते ड्रम वाजतात, कुणीतरी एकदा ओरडतं, बस्स. आणि मग तो गिटारवाला पुढचं सुरू करतो. मी पुन्हा लावलं. पुन्हा. रियाला बोलावलं. तिने त्यांची बाकीची गाणी शोधली, मैफलींतली शोधली, एकेक करून दोघींनी ऐकली. कुठं म्हणजे कुठंच चढती नाही. त्या कापलेल्या दोन हात टेपेत काहीच नव्हतं. जे तू 'मना पाठ हाय' म्हणून वाजवलंस ते जगात कुणी वाजवलेलंच नव्हतं.

मी भिंतीला टेकून बसले. वहिनी तांदूळ निवडत होती. मी विचारलं, हे गाणं तो ऐकायचा का? ती म्हणाली, "रोज. कामावरना आला का कानान घालून बसाचा. मधीच हसाचा. येकदा मी ईचारला, काय हसताव? तं बोलला, हितं त्यांचा कायतरी र्‍हावून गेलाय."

म्हणजे तुला माहीत होतं. मोबाइल आल्यापासून तरी नक्कीच माहीत होतं. माझ्याशी भांडताना, करंजी मागताना, मी तुला चोर म्हणताना तुला ठाऊक होतं की चाल तुझी आहे. आणि तू गप्प. का रे? सुमनच्या हळदीत तुला तो तुकडा खरंच आठवतोय असं वाटत होतं, की आठवत नव्हता म्हणून बोटांनी आपोआप काहीतरी केलं? आणि नंतर खरं कळल्यावर, एकदा, फक्त एकदा मला फोन करून सांगता आलं नसतं? मी रागावले आहे. पण त्या रागाच्या खाली जे आहे ते राग नाही. मी दिङ्मूढ आहे. माझ्या भावाच्या पोटात एवढं मोठं होतं आणि तो त्यावर केसवाल्यांची चादर घालून निजला होता.

ठरलं. उद्या सांगणार.

*

झाली सभा.

मंडप भरला होता. पार्ट्यांचे झाडून सगळे आलेले, ढोलवाला पंढरी तर लहान मुलासारखा रडत होता. दोघंतिघं बोलले. सगळ्यांनी तुला राखणदार म्हटलं. मग माइक माझ्याकडे आला आणि मी सगळं सांगितलं. पोस्टर सांगितलं, खळ सांगितली, कापलेली टेप सांगितली. लोक हसले, हळहळले. शेवटी म्हटलं, चढती पारंपरिक नाही. ती वाडवडिलांची नाही आणि परदेशातलीही नाही. ती माझ्या भावाने, जनार्दनने, सुमनच्या हळदीत पहिल्यांदा वाजवली. फलकावर राखणदार लिहिलंय ते चुकीचं आहे.

तेवढ्यात मागून काठी आपटत दामूबाबा उठले. वेशीजवळच्या घरातले दामूबाबा, ज्यांच्या डोळ्यांना आता दिसत नाही पण तोंड शाबूत आहे. म्हणाले, "बाय, तू शिकलेली हायस, पन ह्ये खोटा बोलतंस. माझ्या हलदीला वाजलेली ती. तुझा भाऊस तवा जनमला बी नवता."

मी म्हटलं, "बाबा, तेव्हा गावात बेंजोच नव्हता."

"सनईवर वाजलेली."

"मी नाचलेली तिच्याव," एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली. "हात वर करून थांबाचा, मना याद हाय."

माझी सटकली. शोकसभा आहे, मी दुखवट्यातली बाई आहे, सगळं विसरले. रियाच्या हातातून मोबाइल घेतला आणि माइकला लावला. म्हटलं, ऐका, हे ते गाणं, तुम्हीच ठरवा. आणि दादा, गावदेवीच्या मंडपात, हार घातलेल्या तुझ्या फोटोसमोर, केसवाले गायला लागले. नऊवारीतल्या बायका डोक्यावरचा पदर सावरून ऐकत होत्या. गायकाने सूर वर नेला, तो फाटला. कुणी हसलं नाही. बऱ्याच बायकांनी डोळे पुसले, त्यांना वाटलं मयताचंच गाणं आहे. मधला भाग आला. ड्रम वाजले, तो ओरडला, गिटार निघून गेली. मी गाणं बंद केलं. "बघा," म्हटलं, "इथं चढती नाहीच."

दामूबाबा मान हलवत होते. म्हणाले, "कलला मना. आपलीच चाल चोरलीन त्याईनी. पन मधली जागा काय जमली नाय त्याईना."

मंडप हसला, मग टाळ्या पडल्या. पंढरीसुद्धा रडता रडता हसला. मी खाली बसले आणि वहिनीने माझा हात धरला. मला रडू फुटलं ते तू गेल्याचं नव्हतं. मी हरल्याचं होतं. तुझं नाव त्या चालीला लावायला मी उठले होते आणि सगळ्या गावाने मिळून ते पुसून टाकलं, तेही तुझ्यावर जीव असणाऱ्या माणसांनी, प्रेमाने. चाल राहिली, नाव गेलं. मला दोन्ही हवं होतं रे.

सभा उठली. मी पायऱ्यांवर चपला शोधत होते तर दामूबाबा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. "बेबी हाय का?" म्हणाले. मी बोलले नाही. त्यांना माझं गप्प राहणंही दिसलं असावं. म्हणाले, "राग धरू नको. खरा सांगू? माझ्या हलदीला काय वाजलेला ते मना काय आठवतंय? माझी म्हातारी बी आता नाय ईचाराला. पन तुझा भाऊस पयल्यांदा वाजवला ना, तवा मना माझी हलद दिसली. आंगन दिसला, म्हातारीची हलदीची साडी दिसली. डोल्यांनी दिसली. म्हंजे तवाच वाजलेली असनार ना ती? नायतर दिसली कशी?"

मी वाकून पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

दादा, आईने रोज केर काढताना ज्यांची काळजी केली त्या चौघांनी तुला एक गाणं दिलं आणि त्यातला एक तुकडा आपल्या टेपरेकॉर्डरने खाल्ला. त्या रिकाम्या जागेत तू काय ठेवलंस ते मला अजूनही सांगता येत नाही. एका आंधळ्या माणसाला त्यात त्याची गेलेली बायको दिसते. तू जन्मायच्या आधीची, हळदीने पिवळी झालेली. असं काही मी आयुष्यात ऐकलेलं नाही, वाचलेलं नाही, आणि मी बरंच वाचते. तुला हे माहीत होतं का? म्हणून गप्प राहिलास का, की चालीला स्वतःचं नाव लावलं तर त्यांना त्यांची माणसं दिसायची थांबतील?

असेलही. तू मनाचा मोठा होतास. मी नाही. दामूबाबांना मी काही बोलले नाही, त्यांना बोलणारही नाही. पण बाकी सगळ्यांशी भांडणार. शाळेत सांगेन, लग्नात सांगेन, बेंजोवाल्यांना गाठून सांगेन की चढती जनार्दनची आहे, माझ्या भावाची. ते हसतील, म्हणतील बहिणीचं मन आहे, बोलू दे तिला. आणि मग चढती लावतील, आणि मी गप्प होऊन नाचायला उठेन.